पेरूच्या बियांची साक्ष

१. दोनशे तीस

अध्यक्षांच्या बोटातून निघालेल्या रक्ताच्या एका थेंबाने माझ्या धाकट्या बहिणीला लबाड ठरवलं.

साखर मोजायच्या यंत्रावर आकडा उमटला, दोनशे तीस. रोज दीडशेच्या आसपास येणारा आकडा. तलावाकाठी जमलेली मंडळी एकदम बोलू लागली. कोणीतरी म्हणालं, "साखर घालते ती. आज हात जड झाला, एवढंच."

धाकटी पोहण्याच्या क्लबात स्मूदीचं काउंटर चालवते. नोकरी सोडून, सगळ्यांचं ऐकून घेऊन, मिक्सरच्या जोरावर उभं केलेलं तिचं स्वतःचं काउंटर. तिची पाटी अशी: फळं अख्खी, साखर शून्य, गाळणं बंद. या पाटीवरच क्लबचे प्रशिक्षक खवळले होते. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना मागे शिट्टीसर म्हणतात. त्यांचं म्हणणं, "फळ चावून खायचं. मिक्सरमधून काढलं की ते फळ राहत नाही, साखरेचं पाणी होतं. माझ्या पोरांना हे नको." त्यांनी काउंटर बंद करण्याचा ठराव आणला.

क्लबचे अध्यक्ष मध्ये पडले. एके काळी टीव्हीवर बातम्या द्यायचे. तो खर्जातला आवाज, ते शुभ्र हसू, अजून लोकांच्या लक्षात आहे. लाडाने त्यांना 'ठळक' म्हणतात. त्यांना मधुमेह आहे. ते म्हणाले, "वाद कशाला? मी रोज सकाळी नाश्त्याऐवजी हिची स्मूदी पितो आणि दोन तासांनी सगळ्यांसमोर साखर मोजतो. आकडा सांगेल तो निकाल."

आकडा कित्येक आठवडे शहाण्यासारखा वागला. आणि ठरावाची सभा तोंडावर आली असताना उधळला.

आता माझं सांगते. मी दातांची डॉक्टर. दिवसभर गोड पेय घोटघोट पिणाऱ्यांच्या दातांवर माझं घर चाललंय, त्यामुळे स्मूदी या प्रकरणावर माझा राग जुना. काउंटर उघडलं तेव्हा मी धाकटीला म्हटलंही होतं, "छान, माझी गिऱ्हाइकं वाढव." ती वर्षभर ते विसरलेली नव्हती. तरी त्या सकाळी तिने फोन मलाच केला.

"काउंटर गेलं तर जाऊ दे गं ताई," ती म्हणाली. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "पण सगळ्यांसमोर लबाड म्हणाले मला. उद्या संध्याकाळी सभा आहे. तू येशील?"

मी दुपारच्या सगळ्या दाढा पुढे ढकलल्या.

२. उरलेला ग्लास

"आधी मला खरं सांग," काउंटरच्या आत शिरत मी म्हटलं. "घातलीस?"

"ताई!"

"डॉक्टर म्हणून विचारतेय. बहीण म्हणून विचारलं असतं तर कान धरला असता."

तिने फ्रिजमधून सकाळची उरलेली स्मूदी काढून माझ्यासमोर आदळली. मी प्यायले. पेरू, केळं, दही, भिजवलेले ओट्स. आंबटसर, दाट, खरखरीत. साखरेचं नाव नाही. उलट शेवटच्या घोटाला पेरूची एक बी माझ्या मागच्या दाढेत अशी जाऊन बसली की जीभ तिथून हलेना.

"रोज हीच देतेस?"

"नाही. कालपर्यंत पपई होती, बाकी सगळं हेच. पपई चांगली येईना, म्हणून आजपासून पेरू. काल संध्याकाळी अध्यक्षसाहेबांना चवही दाखवली. एक घोट घेतला, 'अप्रतिम' म्हणाले आणि लगबगीने खोलीत निघून गेले. आणि आज सकाळी काय, रोजच्या दुप्पट मोठा थर्मास पाठवला! म्हटलं चला, आवडली."

मी चक्रावले. पेरूत पपईपेक्षा साखर जास्त म्हणावी अशी काही नाही, आणि चोथा तर दाबून. म्हणजे आकडा वाढायचं कारण नव्हतं, झाला तर थोडा उतरायला हवा होता. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

"थर्मास त्यांच्या खोलीत कोण नेतं?"

"शिट्टीसर."

"काय? जो तुझ्या मुळावर उठलाय तोच?"

"तसंच ठरलंय. भरायचं मी, न्यायचं त्यांनी. दोघांनाही मागाहून तक्रार करायला जागा नको म्हणून." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "पण ताई, सरांच्या कपाटात ग्लुकोज पावडरचा डबा असतो. मोठा."

३. पत्तीवाला चहा

सरांकडे जाण्याआधी मी कॅन्टीनमध्ये डोकावले. कॅन्टीन अध्यक्षांच्या खोलीच्या अगदी समोर. तिथून कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसतं. शिवाय धाकटीचं काउंटर आल्यापासून कॅन्टीनवाल्याचं तळण अंगावर पडायला लागलं होतं, म्हणजे संशयितांच्या रांगेत तोही होताच.

"तुमच्या बहिणीचं वाईट झालं," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मात्र वाईट वाटल्याची खूण नव्हती. "पण आमच्याही पोटावर पाय आलाच होता ना! पोहून आलेला माणूस भुकेला असतो. त्याला तळलेलं द्यायचं, तर ही फळं पाजते."

"मग तुम्हीच काही पाजलंत का अध्यक्षांना?"

"मी? डॉक्टर, मला माझ्याच वस्तू सांभाळता येत नाहीत, दुसऱ्याच्या थर्मासात काय घालणार!" त्याने माझ्यापुढे चहा ठेवला. पहिल्याच घोटाला तोंडात पत्ती आली. माझं तोंड पाहून तो उसळला. "बोलू नका! सकाळी उघडलं तेव्हा गाळणी खिळ्याला होती. दूध आणायला गेलो, परत येतो तर गायब. फडक्याने गाळतोय दिवसभर. लोक इथे पोहायला येतात की भांडी पळवायला?"

मी पत्ती रुमालात काढली आणि मुद्द्यावर आले. "थर्मास घेऊन सर आले, ते पाहिलंत?"

"पाहिलं की. पण सरळ नाही आले." तो पुढे वाकला. "आधी स्वतःच्या खोलीत शिरले. थर्मास हातात. दार लोटलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले."

४. रिकामा डबा

शिट्टीसरांच्या खोलीत ओल्या टॉवेलांचा वास होता. सर बाहेर होते. मी सरळ कपाट उघडलं. ग्लुकोजचा डबा होता. आत बोट फिरवलं तर तळाशी पावडरीचा कणही नाही.

"झडती चाललीये वाटतं," पाठीमागून आवाज आला.

"हा डबा कधी संपला, सर?"

"गेल्या स्पर्धेत. पोरं लांब पल्ल्याची शर्यत पोहली की देतो चमचाभर. कोणालाही विचारा." त्यांनी खुर्ची ओढली. "मी थर्मास घेऊन आधी इथे आलो हे कॅन्टीनमधून कळलंच असेल. फोन वाजत होता म्हणून आलो. मला कळतंय तुम्ही कुठे पोहोचताय. पण तुमच्या बहिणीने तुम्हाला सीलचं सांगितलं नाही?"

"कसलं सील?"

"झाकणावर ती कागदाची पट्टी चिकटवते, वर स्वतःची सही करते. पट्टी अध्यक्ष स्वतः माझ्यासमोर फोडतात. आजही फोडली. सही शाबूत होती."

मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. माणूस चिडका होता, पण डोळे चुकवत नव्हता. "तुमचा एवढा राग का, सर? फळंच तर आहेत."

हे वाक्य बोलायला नको होतं. ते एकदम ताठ झाले.

"माझा थोरला भाऊ हेच म्हणायचा, 'फळंच तर आहेत.' नाश्ता व्हायचा, त्यावर गाळलेल्या रसाचा भलामोठा ग्लास. जेवणावर आणखी एक. निरोगी राहण्यासाठी बरं का! मधुमेह आहे हे कळलं तेव्हा नजर अर्धी गेली होती." शिट्टीची दोरी त्यांनी बोटाला गुंडाळली. "मला ते काउंटर बंद करायचंय, उघड सांगतो. पण भांडायचं तर शिट्टी वाजवून भांडेन. चोरून पावडर टाकणारा मी नाही."

मला ते पटलं. आणि तिथेच पंचाईत झाली. कारण सर निर्दोष, तर मागे धाकटीच उरत होती, किंवा आणखी एक जण.

"पट्टी फोडल्यावर तुम्ही थांबलात?"

"नाही. आज त्यांनी घाईनेच मला वाटेला लावलं," सर म्हणाले, आणि त्यांच्याही कपाळावर आठी उमटली. "आणि दाराला आतून कडी घातली."

५. दाखवायचे दात

अध्यक्षांच्या खोलीत शिरलं की आधी ते भेटत नाहीत, त्यांचा फोटो भेटतो. भिंतभर पोस्टर, 'या, पोहा, हसा', आणि खाली ते जगप्रसिद्ध हसू. खऱ्या अध्यक्षांनी तसंच हसून मला बसवलं. टेबलावर कॅन्टीनच्या काळ्या चहाचे तीन-चार रिकामे कप होते आणि एक सफरचंद होतं. ते सुरीने त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या करत होते आणि एकेक चकती गालाच्या बाजूने आत सरकवत होते.

"मला फार वाईट वाटतंय, डॉक्टर. गुणी मुलगी आहे. पण आकड्यापुढे मी काय करणार?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "मी आपलं सहज आले. मीही ती स्मूदी प्यायले. पेरूची बी अजून दाढेतून निघत नाहीये. तुम्हाला त्रास झाला का बियांचा?"

"छे, छे! अगदी मऊसूत होती. लोण्यासारखी."

माझी जीभ दाढेतल्या बीवर जिथल्या तिथे थांबली.

लोण्यासारखी! त्याच मिक्सरमधली, त्याच सकाळची स्मूदी माझ्या तोंडात खरखरत होती. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं. कॅन्टीनवाल्याचा काळाकुट्ट चहा दिवसभर पिणारा माणूस, आणि दातांवर डाग नाही. साठी कधीच ओलांडलेली, आणि एक दात झिजलेला नाही. समोर मऊ सफरचंद, तरी पुढच्या दातांनी चावा घ्यायची हिंमत नाही. हेच पोस्टर क्लबच्या फाटकावरही आहे, त्यावरून मी कित्येकदा गेले होते, पण पोस्टरचे दात कोण तपासतं! काम अप्रतिम होतं. कोणा हुशार डॉक्टरने केलेली कवळी.

मी उठून खिडकीशी गेले. तिथल्या मोठ्या कुंडीकडे मुंग्यांची रांग लागली होती. बोटाने माती जरा उकरली. खाली फिकट गुलाबी, कणीदार चोथा, त्यात पेरूच्या बिया आणि ओट्सचे कण. कुंडीच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली कॅन्टीनवाल्याची गाळणी.

"कडी लावून घेते," मी म्हटलं.

अध्यक्षांनी सुरी खाली ठेवली.

"काल संध्याकाळी चव पाहताना कवळीखाली बी गेली," मी हळू आवाजात सांगितलं. "हिरडीत काटा रुतावा तसं झालं असेल. म्हणून लगबगीने खोलीत आलात. आज तसं होऊ नये म्हणून गाळायचं ठरवलंत. पण गाळलं की अर्ध्याहून जास्त चोथाच निघतो, ग्लास भरणार कसा? म्हणून दुप्पट मोठा थर्मास. साहेब, तुम्ही दोन माणसांची फळं एका ग्लासात प्यायलात, आणि साखरेला आवरून धरणारं जे होतं ते कुंडीला घातलंत."

"पण फळ तेच, रस तोच," ते पुटपुटले. "चोथ्यात काय असतं?"

"सगळं भांडण चोथ्याचंच आहे. चोथा असला की साखर रक्तात रांगेने शिरते, नसला की झुंडीने."

त्यांनी पोस्टरकडे बोट दाखवलं. "आकडा आला तेव्हाच मला कळलं, काहीतरी माझ्यामुळे झालं. बोलणार होतो. पण मग 'का गाळलं?' हा प्रश्न आला असता. लोकांनी इतकी वर्षं या हसण्यावर विश्वास ठेवला, डॉक्टर. घरी बायकोशिवाय कोणाला माहीत नाही."

मला त्यांची दया आली, आणि त्याच दमात चीडही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी कोण, तर माझी बहीण.

"ऐका," मी गाळणी उचलली. "उद्या सभेत चोथ्याचं मी सांगणार. कवळीचं नाही सांगणार. दुसऱ्याच्या तोंडात पाहिलेलं मी चारचौघांत बोलत नाही. पण कोणीतरी 'का' विचारेल. त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. आणि ते उत्तर मिळालं नाही, तर माझी बहीण लबाडच राहील."

६. ठळक बातमी

सभेला पोहणारे, न पोहणारे, सगळे आले होते. मी टेबलावर गाळणी ठेवली आणि कुंडीतला चोथा एका बशीत. कॅन्टीनवाला ओरडला, "अरे, माझी!" थोडं हसू झालं. मग मी थर्मास, सील, बिया, मुंग्या, सगळं ओळीने सांगितलं. सांगताना धाकटीकडे बघायचं टाळलं.

शिट्टीसर उठले. "म्हणजे अध्यक्षांनीच गाळली? आणि हिच्यावर आळ येताना गप्प बसले? का?"

आला तो प्रश्न. अध्यक्ष उभे राहिले, कोट सारखा केला, ते सुप्रसिद्ध हसू हसले. मला वाटलं, आता हा माणूस गोड आवाजात सगळं झाकून टाकणार.

त्यांनी तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही समोरच्या पाण्याच्या ग्लासात सोडल्या.

गाल आत गेले. चेहरा क्षणात म्हातारा झाला. कोणी हसलं नाही. ते बोलू लागले, तेव्हा आवाज तोच खर्जातला होता, अक्षरं मात्र ओल्या फरशीवरून घसरावीत तशी घसरत होती.

"हे कारण. बिया टोचतात, म्हणून गाळली, आणि लाज वाटली, म्हणून लपवली. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, तसे माझेही वेगळे. या मुलीने साखर घातली नाही. लबाड ती नव्हती." ते धाकटीकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "पोरी, चुकलो."

धाकटीने पहिल्यांदा डोळे पुसले. मग उठली, त्यांच्यापुढे गेली आणि म्हणाली, "काका, बिया टोचतात हे मला सांगायचं होतंत. मी पपई कुठूनही आणली असती!" त्यावर मात्र सगळं सभागृह हसलं, आणि ते हसणं सुटकेचं होतं.

"थांबा," शिट्टीसर म्हणाले. "माफी मागितली, मोठेपणा आहे. पण माफीने साखर उतरत नाही. मला आकडा हवा. हीच पेरूची, न गाळता, नेहमीच्या मापाने."

"उद्या सकाळी," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांसमोर. आणि दात इथेच ठेवून. कवळीच नसेल तर बी जाणार कुठे?"

दुसऱ्या दिवशी तलावाकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटीने सगळ्यांदेखत फळं कापली, मिक्सर फिरवला. अध्यक्षांनी बोळक्या तोंडाने ग्लास रिचवला, बिया हिरड्यांवर घोळवून मजेत गिळल्या, आणि वर म्हणाले, "आज पहिल्यांदा नीट चव कळली." मग दोन तास वाट पाहणं. पोरं पोहत होती, पण प्रत्येक फेरीला मान वर काढून विचारत होती. धाकटी तेच काउंटर पुन्हा पुन्हा पुसत होती. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मनातल्या मनात आकड्याला लाच देत होते.

बोट टोचलं. थेंब यंत्रावर गेला. सगळ्यात आधी शिट्टीसर वाकले.

त्यांनी आकडा वाचला. गळ्यातली शिट्टी ओठांना लावली आणि शर्यत जिंकल्यावर वाजवतात तशी लांबलचक फुंकली. पाण्यातली पोरं ओरडली, काठावरची मंडळी ओरडली. कोणी आकडा विचारत होतं, कोणी धाकटीला खांद्यावर घ्यायला धावलं. आकडा होता एकशे बेचाळीस. पपईपेक्षाही कमी.

गलका ओसरल्यावर सर काउंटरपाशी आले. "मी अजूनही म्हणतो, दात असतील तर फळ चावावं."

"मीही तेच म्हणते," मी म्हटलं. "चावता येतं त्याने चावावं, ते केव्हाही बरं. प्यायचीच तर नाश्त्याऐवजी प्यावी, नाश्त्यावर नाही. एकच ग्लास, एका बैठकीत. दिवसभर घोट घोट नाही, आणि नंतर चूळ भरायची."

"आणि न गाळता," सर म्हणाले.

धाकटी माझ्याकडे वळली. "ताई, म्हणजे माझी स्मूदी तुला मान्य?"

"मला तुझा चोथा मान्य आहे," मी म्हटलं. तिने मला ओला फडका फेकून मारला. वर्षभरात मी इतकी सुखावले नव्हते.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. खोलीतून अध्यक्ष बोलत होते. कवळी परत जागेवर गेली होती. बातम्यांच्या वेळचा तो आवाज साऱ्या तलावावर घुमला. कॅन्टीनवाला नव्या खिळ्याला गाळणी अडकवता अडकवता थांबला. पोरं पाण्यात उभी राहिली.

"नमस्कार. आजची ठळक बातमी. क्लबचं फळांचं काउंटर कायम राहणार आहे. चालवणाऱ्या मुलीने कधीही साखर घातलेली नाही. पुन्हा सांगतो, कधीही नाही." मग घसा खाकरल्याचा आवाज. "आणि पोरी, उद्या सकाळसाठी एक ग्लास. लहान थर्मास पाठवतोय. पेरूच दे. पिताना दात काढून ठेवीन."

धाकटीने कपाळावरचे केस मागे सारले आणि दोन्ही हातांनी पेरूची टोपली उचलून काउंटरवर ठेवली.